ब्लूमिंग्टनहून शिकागो, शुक्रवार ते रविवार: गुडघेदुखी आणि सात वर्षांचा नातू सोबत. काय बघावं, काय सोडावं?

सासने_मैदान_सकाळवॉक

मंडळी, नमस्कार. आम्ही दोघं (वय ६३ आणि ५९) सप्टेंबरअखेरीस मुलाकडं निघालोय. तो इलिनॉयमध्ये ब्लूमिंग्टनला असतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारला जोडून सगळ्यांनी शिकागो करायचं असं ठरतंय. मुलगा, सूनबाई, सात वर्षांचा नातू आणि आम्ही, एकूण पाच जण.

मुलानं पाठवलेली यादी अशी: शुक्रवारी दुपारी कारनं पोचायचं. शनिवारी आर्ट इन्स्टिट्यूट, विलिस टॉवर, नदीतली बोट, नेव्ही पिअर. रविवारी फील्ड म्युझियम, शेड मत्स्यालय, तारांगण, लिंकन पार्कचं प्राणिसंग्रहालय, जाताजाता भारतीय दुकानांचा डेव्हन अॅव्हेन्यू. यादी बघूनच हिचे गुडघे दुखायला लागलेत.

विचारायचं ते असं. कार न्यावी की रेल्वे बरी? सगळी ठिकाणं मिळून जो पास मिळतो तो घ्यावा का? जिने कुठं टाळता येतील? हिचा शनिवार असतो आणि मला मटण-चिकन चालतं, बीफ नाही, मग खायचं काय? आणि विवेकानंदांचं भाषण झालं ती जागा मात्र बघायचीच आहे.

कळंबा_ते_कॅनल_स्ट्रीट

काका, सगळ्यात आधी तारीख बदला. ऑक्टोबरचा दुसरा रविवार म्हणजे बहुतेक वर्षी शिकागो मॅरेथॉनचा दिवस. सुरुवात आणि शेवट दोन्ही ग्रँट पार्कात, म्हणजे आर्ट इन्स्टिट्यूटच्या दारातच. ४२ किलोमीटरचा मार्ग मध्यवस्तीतून दोन-तीनदा येतो-जातो, त्यामुळं सकाळपासून रस्ते बंद, बसचे मार्ग वळवलेले आणि फील्ड म्युझियमकडं जायचं म्हणजे वळसे. हॉटेलांचे दर त्या दोन रात्री चढतात ते वेगळंच.

आठवडाभर पुढं ढकललंत तर उलट फायदा होईल. तिथल्या आर्किटेक्चर सेंटरतर्फे २०११ पासून ‘ओपन हाउस शिकागो’ भरतं. एरवी बंद असलेल्या जुन्या बँका, मंदिरं-चर्च, नाट्यगृहं, कार्यालयं दोन दिवस फुकट बघायला उघडतात. हे बहुधा तिसऱ्या शनिवार-रविवारी असतं. यंदाच्या तारखा त्यांच्या संकेतस्थळावर बघून मगच खोली घ्या.

कारचं म्हणाल तर आय-५५ वर टोल नाही, अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, तेव्हा रस्ता काही वाईट नाही. पण मध्यवस्तीत हॉटेलचं पार्किंग रात्रीला ५० डॉलर आणि वर जातं, आणि शुक्रवारी दुपारी शहरात शिरताना तासभर सहज मोडतो. तीन दिवस गाडी तळघरात उभी करण्याचेच पैसे द्यायचे. त्यापेक्षा नॉर्मल नावाच्या गावाच्या स्टेशनवरून (ब्लूमिंग्टनला लागूनच आहे) ॲमट्रॅकची, म्हणजे तिथल्या प्रवासी रेल्वेची, लिंकन सर्व्हिस ही गाडी पकडा. सव्वादोन ते अडीच तासांत युनियन स्टेशन. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त, शुक्रवार आणि रविवारी संध्याकाळच्या गाड्या आधी भरतात.

खोली बघताना पडद्यावरचा पहिला आकडा खरा धरू नका. हॉटेलवरचा कर १७ टक्क्यांहून जास्त आहे, वर काही हॉटेलं ‘डेस्टिनेशन फी’ म्हणून रोजचे वेगळे पैसे लावतात. शेवटच्या पानावरची बेरीज बघून मगच दोन हॉटेलांची तुलना करा. जागा लूपमध्ये (मध्यवस्तीला तिथं लूप म्हणतात) किंवा नदीच्या लगेच उत्तरेला असावी. विमानतळाजवळ स्वस्त मिळतं म्हणून तिकडं राहिलात तर रोजचा दीड-दोन तास जाण्यायेण्यात जाईल.

खतावणी

पासबद्दल तेवढं सांगतो. सिटीपासमध्ये शेड आणि विलिसचा स्कायडेक (वरून शहर बघायचा मजला) ठरलेले, उरलेली तीन ठिकाणं यादीतून निवडायची. वापरायची मुदत नऊ दिवसांची. पाचही ठिकाणं बघणाऱ्याला तो परवडतो. तुम्हाला अडीच दिवसांत पाच तिकिटांची ठिकाणं झेपणार नाहीत, मग पास घेऊन पैसे वसूल करण्यासाठी धावपळ होते. तुमची तीन तिकिटं कागदावर मांडून बेरीज करा, पासपेक्षा कमीच येईल.

दुसरं, आर्ट इन्स्टिट्यूट आणि फील्डमध्ये इलिनॉयच्या रहिवाशांना वेगळा, कमी दर असतो. मुलगा-सून यांनी ड्रायव्हिंग लायसन्स दाखवायचं. तुमच्या पासपोर्टावर तो दर मिळणार नाही. ‘फ्री डे’ म्हणून जे नेटवर दिसतं तेही इलिनॉयवाल्यांनाच, आणि बहुतेकदा आठवड्याच्या मधल्या वारी. नातवाला आर्ट इन्स्टिट्यूट फुकट, १४ वर्षांखालच्या सगळ्यांनाच आहे. मोठ्यांचं तिकीट ३० डॉलरच्या वर. तिथं मंगळवार-बुधवार बंद असतं, तुमच्या वारांना अडचण नाही, पण उघडतंच अकराला. म्हणजे सकाळचे दोन तास दुसऱ्या कशाला तरी ठेवा.

गर्डर_आणि_गिलावा

ते सकाळचे दोन तास बोटीला द्या. शिकागोत एकच गोष्ट पैसे देऊन करायची असेल तर ती ही, बाकी सगळं तिच्यानंतर. आर्किटेक्चर सेंटरची फेरी ९० मिनिटांची, तिकीट ५० डॉलरच्या आसपास, माहिती सांगणारे स्वयंसेवक चांगले तयार केलेले. दुसऱ्या कंपन्यांच्या पाऊण तासाच्या फेऱ्याही मिळतात. नातू सात वर्षांचा आहे, चाळिसाव्या मिनिटाला कंटाळणार हे धरून चाला. सूनबाई आणि नातू छोट्या फेरीला आणि तुम्ही मोठ्या, असंही करता येतं. ऑक्टोबरात सकाळच्या पहिल्या फेरीला गर्दी कमी, थंडी जास्त. वरच्या उघड्या डेकवर मागच्या बाजूला बसा, पुढं वारा थेट तोंडावर येतो. खाली काचेची बंद जागा असते पण तिथनं इमारतींचे शेंडे दिसत नाहीत.

धक्का मिशिगन अॅव्हेन्यूच्या पुलाखाली आहे आणि इथं हमखास घोटाळा होतो. वॅकर ड्राइव्ह हा रस्ता एकावर एक मजल्यांचा आहे. फोनवरचा नकाशा वर-खाली ओळखत नाही, निळा ठिपका धक्क्यावर दिसतो आणि तुम्ही दोन मजले वर उभे असता. टॅक्सी बोलावताना ‘अप्पर वॅकर’ असं सांगा, नाहीतर ड्रायव्हर खालच्या बोगद्यात तुम्हाला शोधत बसेल. पुलाजवळून नदीपर्यंत जिना उतरावा लागतो. काकूंसाठी रॅम्पची वाट कुठून ते तिकीट काढतानाच कंपनीला विचारा, आणि वीस मिनिटं हातात ठेवा.

बोटीतून काय दिसतं त्यातलं थोडं आधी माहीत असलं की मजा दुप्पट. ही नदी मुळात मिशिगन सरोवरात जात होती. शहराचं सांडपाणी नदीत, नदी सरोवरात आणि पिण्याचं पाणी त्याच सरोवरातून. शेवटी ४५ किलोमीटरचा कालवा खोदून १९०० साली नदीचा प्रवाहच उलटा केला. आता सरोवराचं पाणी नदीत येतं आणि पुढं मिसिसिपीच्या खोऱ्यात जातं. पंचगंगेचं पाणी बघत वाढलेल्या माणसानं हे पुलाखाली उभं राहून एकदा बघावं.

मरीना सिटीचे दोन गोल मनोरे लगेच ओळखू येतात, तिथले लोक त्यांना मक्याची कणसंच म्हणतात. खालचे १९ मजले नुसते गाड्या लावायला, कडेला उभ्या केलेल्या गाड्या बोटीतून दिसतात. मर्चंडाइज मार्ट १९३० ची, एवढी अवाढव्य की बोट तिच्यासमोरून बराच वेळ जात राहते.

विलिस टॉवर, पूर्वीचा सीअर्स, नदीच्या दक्षिण शाखेवर दिसेल. ११० मजले, ४४२ मीटर, १९९८ पर्यंत जगात सगळ्यात उंच. त्याची रचना करणारे इंजिनिअर फझलूर रहमान खान हे ढाक्याचे. एकच जाड मनोरा उभा करण्याऐवजी त्यांनी नऊ चौकोनी नळ्या तीन-तीनच्या ओळीत एकमेकींना बांधल्या. प्रत्येक नळी ७५ फूट बाय ७५ फूट. दोन नळ्या ५० व्या मजल्यावर संपतात, दोन ६६ व्या, तीन ९० व्या, आणि शेवटच्या दोनच माथ्यापर्यंत जातात. बोटीतून बघताना हे टप्पे मोजा. सगळ्या नळ्या मिळून वाऱ्याला तोंड देतात, म्हणून एवढ्या उंचीला लागणारं पोलाद बरंच कमी झालं. आपल्याकडं काँक्रीटच्या चौकटीत भिंती भरायची सवय, त्यामुळं हे बघून सिव्हिलवाल्या माणसाला घटकाभर काही सुचत नाही.

बोटीतून उतरलात की पुलाच्या उत्तरेला ट्रिब्यून टॉवर. त्याच्या बाहेरच्या भिंतीत, हात पोचेल इतक्या उंचीवर, जगभरच्या वास्तूंचे दगड बसवलेत आणि प्रत्येकाखाली नाव कोरलंय. ताजमहालाचा तुकडाही आहे. नातवाला तो शोधायला लावा, पंधरा मिनिटं फुकटात जातात.

आता विवेकानंद. ११ सप्टेंबर १८९३ चं भाषण झालं ते आज जी आर्ट इन्स्टिट्यूट आहे त्याच वास्तूत, पण तो कोलंबस हॉल परिषदेपुरता उभारलेला होता, आता नाही. काउंटरवर फुलर्टन हॉल कुठं ते विचारा, भारतातले लोक त्या भाषणाच्या आठवणीनं तिथं येतात हे तिथल्यांना ठाऊक असतं. बाहेर मिशिगन अॅव्हेन्यूवर खांबाला तपकिरी पाटी आहे, ‘स्वामी विवेकानंद वे’. हिरव्या पाट्या खऱ्या रस्त्यांच्या, तपकिरी पाट्या मानाच्या. नकाशात हे नाव टाकून जागा शोधू नका, मिशिगन अॅव्हेन्यूच टाका. मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर त्या भाषणाचे शब्द रंगीत दिव्यांत लावलेले फोटो नेटवर फिरतात. ती मुंबईच्या जितीश कल्लाट यांची २०१० ची कलाकृती, कायमची नव्हे. ती दिसली नाही म्हणून हिरमुसू नका.

दोन सिंहांच्या दारातून जाऊ नका, तिथं पायऱ्या आहेत. मन्रो स्ट्रीटवरचं मॉडर्न विंगचं दार सपाट आहे. आतमध्ये अडीच तास पुरेत, त्याच्यावर गेलात की चित्रं डोळ्यांसमोरून नुसती सरकतात. तळमजल्याखाली थॉर्न यांच्या छोट्या खोल्या आहेत, ६८ आहेत. एक फुटाला एक इंच या मापात युरोप-अमेरिकेतली जुनी घरं, झुंबरापासून चहाच्या कपापर्यंत सगळं हुबेहूब. काचेशी वाकून बघावं लागतं, पण तिथं काकू आणि नातू दोघंही रमतील. वरच्या प्रसिद्ध चित्रांपुढं रमतीलच असं नाही.

सासने_मैदान_सकाळवॉक

सगळ्यांचे आभार. मुलाशी बोललो, आठवडा पुढं ढकलला, रेल्वेही ठरली. नेव्ही पिअर आणि डेव्हन खोडलं. आता फील्ड की शेड यावर घरात दोन पक्ष पडलेत. नातू डायनोसॉरवाला. आणि रस्त्याच्या वरून, उंच रुळांवर धावणाऱ्या त्या गाड्यांच्या स्टेशनांना लिफ्ट असते का?

जोतिबा_रोड

फील्डच घ्या, वाद नको. शेडची रांग शनिवार-रविवारी लांब असते, आणि मासे इतरत्रही बघायला मिळतात. फील्डमधली ‘सू’ मिळायची नाही. १९९० साली साउथ डकोटात सापडलेली टी. रेक्स, जवळजवळ नव्वद टक्के हाडं खरी, लांबी बारा मीटरच्या वर. लिलावात ८३ लाख डॉलरच्या वर बोली गेली होती. एक लक्षात ठेवा, मधल्या मोठ्या दालनात शिरल्यावर जो प्रचंड सांगाडा दिसतो तो सू नव्हे. तो मॅक्सिमो, १२२ फुटी, आणि साच्यातून केलेली प्रतिकृती आहे. सू २०१८ पासून वरच्या मजल्यावर स्वतःच्या दालनात आहे. मुलं खालीच फोटो काढून दमतात आणि खरी राहून जाते, म्हणून आधी लिफ्टनं वर जा, मग खाली या.

उत्तर आणि दक्षिण दोन्ही दारांना पायऱ्यांची रांग आहे. काकूंना पूर्वेच्या दारानं न्या, तिथं पायऱ्या नाहीत. व्हीलचेअर फील्डमध्येही आणि आर्ट इन्स्टिट्यूटमध्येही फुकट मिळते, येईल त्याला आधी. ‘मला कशाला खुर्ची’ असं काकू म्हणतील. म्हणू देत. म्युझियममधलं उभं राहून राहून चालणं सरळ चालण्यापेक्षा गुडघ्याला जास्त बाधतं.

तिथं पोचायला स्टेट स्ट्रीटवरून १४६ नंबरची बस, दारापाशी सोडते. रूझवेल्ट स्टेशनला उतरून चालत जा असं नकाशा सांगतो, तो सल्ला काकूंसाठी नको. फील्ड संपलं की ॲडलर तारांगणाकडं जा, सपाट रस्ता, किलोमीटरच्या आतबाहेर. आत जायचं नाही. बाहेरच्या कट्ट्यावरून पाण्यापलीकडं सगळं शहर एका ओळीत दिसतं, याच्यापेक्षा चांगला देखावा तिकीट काढूनही मिळत नाही.

स्टेशनांचं असं की सगळीकडं लिफ्ट नाही. आर्ट इन्स्टिट्यूटला सगळ्यात जवळचं ॲडम्स-वॉबॅश, तिथं नुसते जिने. एक स्टेशन अलीकडचं वॉशिंग्टन-वॉबॅश २०१७ चं, तिथं लिफ्ट आहे. क्लार्क-लेक आणि मर्चंडाइज मार्टलाही आहे. नकाशावर व्हीलचेअरचं चिन्ह असलेलीच स्टेशनं धरा, आणि निघण्याआधी सीटीएच्या (शहराची रेल्वे-बस चालवणारी संस्था) संकेतस्थळावर कुठली लिफ्ट बंद आहे ते बघा, कारण बंद असते.

रेल्वे-बसचा डे पास एका माणसाचा असतो, त्याच पासवर मागचा माणूस आत येऊ शकत नाही. प्रत्येकाचा वेगळा घ्या. सात ते अकरा वयाच्या मुलांना कमी भाडं, सातच्या आत फुकट. म्हणजे नातवानं तेवढा वाढदिवस उशिरा करायला हवा होता.

नुसती गंमत म्हणून मर्चंडाइज मार्टला लूपकडं जाणारी ब्राऊन लाइन पकडा. गाडी पुलावरून नदी ओलांडते, इमारतींच्या खिडक्यांना खेटून चौकोनी फेरा मारते आणि परत तिथंच येते. एका भाड्यात वीसेक मिनिटांची फेरी. ब्राऊन घड्याळाच्या उलट फिरते, ऑरेंज, पिंक, पर्पल सरळ फिरतात, त्यामुळं समोरासमोरच्या फलाटांवर वेगळ्या रंगाच्या गाड्या येतात. जिना चढण्याआधी खालची पाटी वाचा, चुकीच्या फलाटावर गेलात तर परत उतरून चढायचं.

तांबडा_की_पांढरा

काका, खाण्याचं ऐका. तिथं हॉट डॉग म्हणजे बीफ हे धरूनच चाला, आणि ‘इटालियन बीफ’ तर नावातच आहे. बर्गरला ‘हॅम’ नावावर जाऊ नका, तोही बीफचाच. पिझ्झ्यावर सॉसेज म्हणजे बहुधा डुकराचं. सुपात भाज्या दिसल्या तरी पाणी कशाचं आहे ते विचारा, चिकनचं किंवा बीफचं निघतं. तुम्हाला चिकन सगळीकडं मिळेल, तिखट मात्र मागून घ्या. ‘जिआर्डिनिएरा’ नावाचं मिरच्या-भाज्यांचं तेलातलं लोणचं मिळतं, ‘हॉट’ सांगा. आपल्या जिभेला हॉट म्हणजे काय विषय नाही, पण फिक्या खाण्यावर बरा उतारा.

डीप डिश पिझ्झा खायचाच. वहिनींच्या शनिवारी पालक-चीज किंवा नुसता चीजचा. हा भाजायला ३५ ते ४५ मिनिटं लागतात, तेव्हा भूक लागल्यावर आत जाऊ नका, लागायच्या आधी जा. काही ठिकाणी रांगेत असतानाच ऑर्डर घेतात, ती देऊन ठेवा. पाच जणांना एक मोठा आणि एक छोटा पुरतो, माणशी दोन तुकड्यांवर कोणी जात नाही. वर चीज नसतं, चीज खाली आणि टोमॅटो वर. उलटा वाटला तरी बरोबरच आहे. हातानं उचलायला जाऊ नका, काटा-सुरीच घ्या.

उपवासाचं असेल तर फळं, दही, भाजलेला बटाटा. नुसता शाकाहार असेल तर चिपोटले या मेक्सिकन धर्तीच्या साखळी हॉटेलात भाताचा बोल, काळा घेवडा आणि भाज्या, दोन्ही प्रकारचे घेवडे तिथं शाकाहारी असतात.

बिलावर १८ ते २० टक्के टिप, बसून खाल्लं असेल तर. पाच-सहा जण असले की काही ठिकाणी ती बिलातच लावलेली असते, ‘ग्रॅच्युइटी’ असं लिहिलेलं. ती असेल तर परत देऊ नका. काउंटरवर उभ्यानं घेतलं तर पडदा समोर फिरवून टिप मागतात, तिथं शून्य दाबलं तर चालतं.

आणि कोल्हापुरातून निघताना कांदा-लसूण चटणी न्या, फॉर्मवर किंवा अधिकाऱ्याला खाण्याचे पदार्थ आहेत असं सांगा. मटणाचं लोणचं मात्र नको, मांसाचं काहीही आत जाऊ देत नाहीत.

कळंबा_ते_कॅनल_स्ट्रीट

राहिलेलं. ऑक्टोबरच्या मध्याला दिवसा साधारण १५-१७ अंश, रात्री ८ च्या आसपास. आकडा मोठा वाटला तरी सरोवराचा वारा सुटला की कानटोपी आणि मफलर लागतोच. छत्री नेऊ नका, वाऱ्यात उलटते. टोपीचा रेनकोट घ्या. सूर्य सव्वासहाच्या आतच मावळतो, तेव्हा उघड्यावरचं सगळं सहापर्यंत.

विलिस टॉवरचं तिकीट आठवडाआधी काढू नका. ते ठरलेल्या वेळेचं असतं आणि ढग आले म्हणून पैसे परत मिळत नाहीत. स्कायडेक १०३ व्या मजल्यावर, ४१२ मीटरवर आहे. रस्त्यावरून मान वर करून माथ्यावरचे दोन अँटेना दिसत नसतील तर वरूनही नुसता पांढरा धूर दिसणार. शनिवार-रविवारपैकी जी सकाळ स्वच्छ दिसेल तिला फोनवर उघडण्याच्या वेळेचं तिकीट काढा. दुपारनंतर इमारतीबाहेर काढलेल्या काचेच्या खोक्यात उभं राहायला रांग, आणि आत मिनिट-दीड मिनिट. सूर्यास्ताची वेळ महाग आणि तुडुंब, ती सोडा. दोन्ही दिवस ढगाळ निघाले तर विलिस रद्द, ते पैसे बोटीत.

शुक्रवारी गाडीतून उतरल्यावर सामान हॉटेलात टाका, चेक-इन व्हायचं असलं तरी ठेवून घेतात. मग कल्चरल सेंटर. १८९७ ची जुनी सार्वजनिक लायब्ररी, प्रवेश फुकट, तिसऱ्या मजल्यावर टिफनीचा काचेचा घुमट, ३८ फूट व्यासाचा. लिफ्ट आहे आणि स्वच्छतागृहं चांगली आहेत. मध्यवस्तीत ती सहज सापडत नाहीत, म्हणून ही जागा तीनही दिवस लक्षात ठेवा. समोरच मिलेनियम पार्क, तिथलं अनिश कपूर यांचं ‘क्लाउड गेट’, ज्याला सगळे बीन म्हणतात. ११० टनांचं, १६८ पत्रे जोडून केलेलं, सांधा एकही दिसत नाही. शुक्रवारी संध्याकाळी गर्दी असतेच, मोकळं बघायचं तर शनिवारी बोटीच्या आधी आठ-साडेआठला. त्याच्या पोटाखाली उभं राहून वर बघायला सांगा सगळ्यांना, लोक बाहेरूनच फोटो काढून निघतात.

पत्ते वाचायची एक युक्ती. स्टेट आणि मॅडिसन हे दोन रस्ते जिथं मिळतात तिथं शून्य. तिथनं चारी दिशांना घरनंबर वाढतात आणि साधारण ८०० नंबर म्हणजे एक मैल. ‘४०० नॉर्थ’ म्हणजे मॅडिसनपासून उत्तरेला अर्धा मैल. काकूंना चालेल की टॅक्सी करायची हे पत्ता ऐकूनच कळतं.

प्राणिसंग्रहालय फुकट आहे, बारा महिने उघडं, पण रविवारी फील्डनंतर ते घुसवू नका. शुक्रवारी लवकरच्या गाडीनं आलात तर युनियन स्टेशनपासून मिशिगन अॅव्हेन्यूमार्गे जाणारी १५१ नंबरची बस तिथं नेते.

रविवारी परतीच्या गाडीला युनियन स्टेशनवर अर्धा-पाऊण तास आधी पोचा. थेट फलाटावर जाऊ देत नाहीत, गेट जाहीर झालं की रांग लागते. लहान मूल आणि गुडघ्याचा त्रास असलेल्यांना आधी सोडतात, तेवढं गेटवरच्या माणसाला जाऊन सांगावं लागतं. पाचही जणांना एकत्र जागा हवी असेल तर हे विसरू नका.